मंडळाच्या कार्यक्रमाला सभागृह भरायचं कसं? कॉलेज-विद्यापीठातल्या प्रसिद्धीचा धागा

नोटीसबोर्ड

जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजं सुरू झाली की वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, निसर्ग मंडळ, कोडिंग क्लब, एनएसएस अशा सगळ्यांचे कार्यक्रम एकदम सुरू होतात. वक्ता चांगला, विषय चांगला, सभागृह अडीचशे खुर्च्यांचं, आणि समोर चाळीस जण, त्यातही पंधरा मंडळाचेच कार्यकर्ते. पुण्यात हे फार वेळा होतं आणि बहुतेक वेळा टाळता येण्यासारखं असतं. म्हणून हा धागा.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना धरू. विषय 'पुण्याचं पाणी': खडकवासला साखळीतली चार धरणं, कालवे, शहरातली वाटणी. व्याख्यान आणि प्रश्नोत्तरं मिळून दीड तास. मोफत. सभागृह २५० खुर्च्यांचं. हातात तीन आठवडे, दहा-बारा कार्यकर्ते, पैसे जेमतेम.

माझं मत आधीच मांडतो. नुसतं पोस्टर बघून फार थोडे लोक येतात. ओळखीच्या कुणीतरी 'येतेस ना?' असं विचारलं की माणूस मनाची तयारी करतो, आणि मग कधी, कुठे हे बघायला पोस्टरकडे किंवा फोनकडे वळतो. त्यामुळे सगळ्यात जास्त मेहनत वर्गात जाऊन सांगण्यावर घालावी. तेच बहुतेक मंडळं सगळ्यात घाईत उरकतात.

वर्गातली सूचना नीट करायची तर:

विभागप्रमुखांची सही असलेली एका ओळीची चिठ्ठी आधी घ्या आणि तिच्या झेरॉक्स प्रत्येक जोडीकडे ठेवा. तास सुरू व्हायच्या आधी शिक्षकांना दारातच चिठ्ठी दाखवून 'एक मिनिट' मागा. तास संपतानाचं मिनिट मागू नका. तेव्हा बॅगा भरायला सुरुवात झालेली असते आणि पुढच्या रांगेपलीकडे आवाज पोचत नाही. हजेरी सुरू होण्याआधीचं मिनिट सर्वांत चांगलं.

दोघांनी जायचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने तेवढ्यात फळ्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात वार, वेळ, जागा लिहायची. तो कोपरा शिक्षक सहसा सगळ्यात शेवटी पुसतात, त्यामुळे मजकूर पुढचे एक-दोन तास तरी टिकतो.

बोलणं चाळीस सेकंदांचं. 'नमस्कार, आम्ही अमुक मंडळातर्फे' ही सुरुवात ऐकली की निम्मा वर्ग ऐकणं सोडतो. पहिलं वाक्य विषयाचं हवं: 'तुमच्या नळाला येणारं पाणी कुठल्या धरणातून, कुठल्या वाटेने येतं हे बुधवारी नकाशावर बघायला मिळेल.' मग वार, वेळ, जागा. मग किती वाजता संपेल. संपण्याची वेळ सांगणं फार महत्त्वाचं आहे, कारण ज्यांना बस गाठायची आहे किंवा मेसची वेळ सांभाळायची आहे ते अंदाज नसेल तर येतच नाहीत. मंडळाचं नाव शेवटी. कागद हातात धरून वाचू नये.

साठ जणांचे वीस वर्ग घेतले की हजार-बाराशे कानांवर गोष्ट जाते. दोन जोड्या असतील तर रोज मधल्या सुट्टीच्या आगेमागे चार-पाच वर्ग होतात. हे काम कार्यक्रमाच्या आधी पाच ते दोन दिवस या काळात करा. दहा दिवस आधी सांगितलेलं विसरलं जातं. आदल्या दिवशी सांगितलं तर ज्यांचं आधीच काही ठरलंय ते हातचे जातात.

---

मुळाकाठ

चांगला धागा, पण वर्गाचं गणित पदवी कॉलेजांपुरतं खरं आहे. गणेशखिंडीत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात, पदव्युत्तर विभाग आहेत. एकेका वर्गात वीस-तीस जण, आणि एका विभागातून दुसऱ्या विभागात जायला दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. चारशे एकरांहून मोठा परिसर आहे. दोन जोड्यांनी वीस वर्ग करायचे म्हटलं तर आठवडा जाईल आणि ऐकणारे पाचशेही होणार नाहीत.

तिथे लोक जिथे थांबलेले असतात तिथे जावं लागतं. जयकर ग्रंथालयाबाहेर चहाला निघालेले अभ्यासू, अनिकेत कँटीनची रांग, वसतिगृहांच्या मेस, आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी प्रत्येक विभागाचं कार्यालय. प्रत्येक विभागात एक 'आपला माणूस' शोधा आणि त्याला त्याच्याच विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहायला सांगा. मंडळाचा तयार मजकूर पुढे ढकलायला सांगू नका. पंचवीस विभागांत पंचवीस माणसं मिळाली तर छापील पोस्टर दहाच पुरतील.

आवारातल्या कार्यक्रमाला आणखी एक अडचण हमखास येते: जागा सापडत नाही. 'संत नामदेव सभागृह' किंवा 'खेर वाङ्मय भवन' एवढं लिहून बाहेरच्या माणसाला काही कळत नाही. कुठल्या फाटकातून आत यायचं, गाडी कुठे लावायची, कुठली खूण दिसली की वळायचं, हे एका वाक्यात द्या. नकाशाची लिंक द्या, पण पिन इमारतीच्या दारावर टाका. विद्यापीठाचं नाव शोधून मिळणारी पिन माणसाला भलतीकडे नेते. कार्यक्रमाच्या दिवशी मुख्य फाटकापासून सभागृहापर्यंत प्रत्येक वळणावर बाणाचा ए४ कागद हवा. असे सहा-सात कागद पुरतात.

---

शाईवाला

छपाईबद्दल लिहितो, कारण अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डिजिटल प्रिंटवाल्यांकडे विद्यार्थ्यांच्या ठरावीक चुका घेऊन रोज कोणीतरी येतं.

पहिली चूक मापाची. ए३ म्हणजे २९७ × ४२० मिमी. ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ती फाइल साधारण ३५०८ × ४९६१ पिक्सेलची असते. इन्स्टाग्रामसाठी केलेली १०८० × १३५० ची प्रतिमा ए३ वर ताणली की अक्षरांच्या कडा फुटतात. त्यातही ती व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या फोटोसारखी पाठवली असेल तर आधीच दाबलेली असते. नेहमी पीडीएफ करा आणि 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आधी ए३ बनवा, त्यातून मोबाइलची प्रत काढा. उलट करू नका.

दुसरी चूक फाँटची. देवनागरी अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर तुटतात: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर जाते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, जोडाक्षरं हलंत दिसतात. कारण तो फाँट त्याच्याकडे नसतो किंवा त्याचं सॉफ्टवेअर भारतीय लिप्या जुळवायला लावलेलं नसतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडल्याशिवाय युनिकोड मराठी नीट जुळत नाही. छापायला देताना अक्षरांचं आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, रूपांतर करून द्या, म्हणजे फाँटचा प्रश्नच मिटतो. पण रूपांतराआधीची प्रत जपून ठेवा, नाहीतर वेळ बदलली की सगळं पुन्हा टाइप करत बसाल. मुक्ता, बालू, तिरो देवनागरी मराठी हे मोफत आणि चांगले युनिकोड फाँट आहेत. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील तर फाँट तपासून घ्या. बऱ्याच फाँटांत हिंदी वळण येतं आणि मराठी डोळ्याला ते लगेच खटकतं.

तिसरी चूक ओळींतल्या अंतराची. इंग्रजीच्या सवयीने ओळी जवळ ठेवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. देवनागरीला अक्षराच्या उंचीच्या निदान १.४ पट अंतर द्या.

अक्षर किती मोठं? पाट्या रंगवणारे वापरतात तो ठोकताळा: दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर एक इंच उंच. ए३ पोस्टर माणूस पाच-सहा फुटांवरून बघतो, म्हणजे वार, वेळ, जागा ही ओळ निदान दीड सेंटिमीटर उंचीची हवी. विषय त्याहून दुप्पट. बाकी सगळं लहान चालतं.

रंग: स्क्रीनवरचे झगझगीत हिरवे-गुलाबी छापल्यावर मळकट होतात, कारण छपाईच्या चार शाईंना ते जमतच नाहीत. गडद अक्षर फिक्या पार्श्वभूमीवर घ्या. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर स्क्रीनवर छान दिसतं, पण स्वस्त कागदावर बारीक पांढऱ्या रेषा शाईने बुजतात. कडेपर्यंत रंग हवा असेल तर चारी बाजूंनी ३ मिमी जास्त ठेवा, नाहीतर कापताना पांढरी पट्टी राहते.

पावसाळ्यात इंकजेटचा प्रिंट ओलाव्याने ओघळतो, लेझरचा टिकतो. जिन्यात, व्हरांड्यात, सायकल स्टँडजवळ लावायचे पोस्टर लेझरवरच काढा. लॅमिनेशन करायचं तर मॅट. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि समोर उभं राहूनही वाचता येत नाही.

या नमुन्यासाठी ए३ चे ३०, ए४ चे ४० आणि एक स्टँडी पुरे. फ्लेक्स टाळा. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. सुती कापडावर पेंटरकडून लिहून घेतलेला बॅनर वर्षभर वापरता येतो. वार-वेळेच्या जागी कागद डकवायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: सगळ्या प्रती काढण्याआधी एकच प्रत काढा आणि मजकुराशी काही संबंध नसलेल्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा. तारीख आणि वार जुळतात का ते कॅलेंडरवर बोट ठेवून बघा. 'बुधवार, १४' असं छापलं आणि १४ ला गुरुवार निघाला, तर निम्मे बुधवारी येऊन परत जातात.

---

जुई

शाईवाला, अंतराचा मुद्दा अगदी पटला. त्याला जोडून क्यूआर कोडबद्दल.

कोडची रुंदी ही स्कॅन करायच्या अंतराच्या दहाव्या भागाइतकी हवी. मीटरभरावरून स्कॅन करायचा तर दहा सेंटिमीटर. ए३ पोस्टरच्या कोपऱ्यात तीन सेंटिमीटरचा कोड टाकला तर माणसाला फोन नाकाशी नेल्यासारखा पोस्टरला चिकटवावा लागतो, आणि तसं कोणी करत नाही. कोडभोवती त्यातल्याच चार बारीक चौकोनांइतकी मोकळी जागा सोडा. लिंक जितकी लांब तितके चौकोन बारीक, म्हणून आधी लिंक लहान करा. मध्ये मंडळाचं बोधचिन्ह बसवायचं असेल तर कोड बनवताना चूक सुधारण्याची (एरर करेक्शन) सर्वांत वरची पातळी निवडा. तीत साधारण ३० टक्के भाग झाकला गेला तरी चालतं असं गणित आहे, तरी प्रत्यक्षात झाकण त्याच्या बरंच खाली ठेवा.

एक मोठा धोका: 'मोफत क्यूआर' देणाऱ्या काही साइट थेट तुमच्या लिंकऐवजी स्वतःच्या मधल्या लिंकचा कोड देतात आणि चाचणीचे दिवस संपले की तो बंद पडतो. पोस्टर भिंतीवर आणि कोड मेलेला. थेट लिंकचा साधा कोड काढा, त्याला मुदत नसते. छापून आल्यावर दोन वेगवेगळ्या फोनवर, एक जुना अँड्रॉइड धरून, तपासा.

गूगल फॉर्मच्या चुका ठरलेल्या:

कॉलेजच्या मेल आयडीवरून फॉर्म बनवला की तो बऱ्याचदा फक्त त्याच संस्थेच्या आयडीला उघडतो. बाहेरच्या कॉलेजातल्यांना 'परवानगी नाही' दिसतं आणि ते गप्प निघून जातात. तुम्हाला कळतही नाही. सेटिंग बदला आणि खाजगी विंडोत, लॉग-इन न करता उघडून बघा.

घाईत बदल करायची लिंक वाटली जाते. मग एक तर ती उघडत नाही, किंवा कोणीही प्रश्न बदलू शकतो. उत्तरं भरणाऱ्यांसाठीची लिंकच वाटायची.

ओळखपत्राचा फोटो मागितला की लॉग-इन बंधनकारक होतं आणि बरेच जण तिथेच थांबतात. मोफत व्याख्यानाला नाव, कॉलेज, फोन नंबर एवढं पुरे. त्यातही फोन नंबर का हवा ते एका ओळीत लिहा, आणि नंबरांची यादी कुणा प्रायोजकाला देऊ नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी ते चुकीचंच.

ठरावीक संख्येनंतर फॉर्म आपोआप बंद होईल या भरवशावर राहू नका. तशी सोय आधी लावलेली नसेल तर तो हाताने बंद करावा लागतो. पण मोफत कार्यक्रमाला घाईने बंद करूही नका. नोंदवलेल्यांपैकी निम्मे येतील असं धरून चाला. २५० खुर्च्यांना ४०० नोंदणीपर्यंत फॉर्म उघडा ठेवायला हरकत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप: ग्रुपमध्ये १०२४ लोक मावतात, पण मोठ्या ग्रुपवरची सूचना बहुतेक जण न उघडता सरकवतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण, आणि ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच संदेश पोचतो. पुष्कळ मंडळं इथे फसतात: यादीत दोनशे नावं, पोचतात तीस. खूप वेळा पुढे ढकलला गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, त्यामुळे 'सगळ्यांनी फॉरवर्ड करा' ही मोहीम दुसऱ्या-तिसऱ्या हातापाशी अडते. मूळ मजकूर कॉपी करून नव्याने पाठवणं बरं.

मजकूर चित्रात अडकवू नका. चित्र डाउनलोड न करणारे खूप असतात आणि नंतर शोधताना चित्रातली अक्षरं हाती लागत नाहीत. असा साधा संदेश पुरतो:

'बुधवारी संध्याकाळी ५.३० ते ७. सभागृह क्र. २, ग्रंथालयामागची इमारत, पहिला मजला. पुण्याचं पाणी: चार धरणांपासून तुमच्या नळापर्यंत. नकाशे आणि प्रश्नोत्तरं. मोफत, कोणत्याही कॉलेजचे विद्यार्थी चालतील. येणार असाल तर इथे नाव द्या.'

आणि लिंक. पहिल्या ओळीत वार-वेळ, कारण सूचनापट्टीत तेवढंच दिसतं. इमोजींची रांग लावू नका, तिने पहिली ओळ खाल्ली जाते.

इन्स्टाग्रामवर मथळ्याखाली लिहिलेली लिंक दाबता येत नाही. स्टोरीत लिंकचा स्टिकर किंवा बायोत लिंक. स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून ती आदल्या संध्याकाळी टाका. आठवडाभर आधी टाकलेली स्टोरी कोणाच्या लक्षात राहत नाही. पोस्ट वक्त्याच्या किंवा दुसऱ्या कॉलेजच्या मंडळाच्या खात्याबरोबर 'कोलॅब' करून टाकली तर दोघांच्याही अनुयायांना दिसते. पैसे देऊन जाहिरात करण्याची गरज या आकाराच्या कार्यक्रमाला वाटत नाही.

---

आवकजावक

परवानगीचं कोणी लिहिलं नाही, आणि सगळं वेळापत्रक तिथेच अडतं.

अर्ज एकवीस दिवस आधी. दोन प्रती. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन स्वतःजवळ ठेवायची. शिक्क्याशिवाय 'अर्ज दिलाय' याला काही अर्थ नाही. अर्जात एवढं हवंच: विषय, वक्त्याचं नाव आणि परिचयाच्या दोन ओळी, तारीख, सभागृह, तयारीसकट वेळ (कार्यक्रम ५.३० ला असला तरी सभागृह ३.३० पासून मागा), अंदाजे संख्या, बाहेरचे विद्यार्थी येणार का, ध्वनिव्यवस्था, पोस्टर किती आणि कुठे लावणार, आणि 'दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत सर्व पोस्टर काढू' हे वाक्य. या शेवटच्या वाक्याने सही लवकर होते.

पत्र मंडळाच्या प्रभारी शिक्षकांमार्फत जातं. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत विद्यार्थी विकास अधिकारी असतात, त्यांनाही प्रत द्या. त्यांच्याकडे वर्गप्रतिनिधींची नावं असतात. बाहेरचे येणार असतील तर सुरक्षा विभागाला वेगळी प्रत आणि फाटकावरच्या रक्षकांना आदल्या दिवशी प्रत्यक्ष भेटून सांगणं. पत्र कार्यालयात पोचलेलं असतं आणि फाटकावरच्या माणसाला कोणी सांगितलेलं नसतं, मग पाहुणे उन्हात उभे राहतात.

आवाराबाहेर रस्त्यावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर काहीही लावू नका. महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा १९९५ चा कायदा आहे. परवानगीशिवाय सार्वजनिक जागी पोस्टर लावणं गुन्हा आहे, आणि पोस्टरवर नाव असलेल्या मंडळाला शोधणं अवघड नसतं. शहरात फलकाची परवानगी महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाकडून घ्यावी लागते.

गाडीवर भोंगा लावून फिरणं विसरा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शैक्षणिक संस्थांभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरता येतं.

पोस्टर लावण्यासाठी साध्या चिकटपट्टीऐवजी कागदी टेप वापरा. सेलोटेप काढताना भिंतीचा रंग सोलून येतो आणि पुढच्या वेळी परवानगी मिळत नाही. काचेच्या बंद फलकांच्या किल्ल्या ग्रंथालयातल्या किंवा कार्यालयातल्या शिपायांकडे असतात. त्यांना एक दिवस आधी विचारा. सकाळी कॉलेज उघडताना त्यांचा हात कामात असतो, साडेदहानंतर गेलेलं बरं.

निमंत्रणपत्रिका आणि पोस्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रिकेवर अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्राचार्य, उपप्राचार्य, विभागप्रमुख, सगळ्यांची नावं पदांसह, योग्य क्रमाने यायला हवीत. तो मान आहे, तो द्यावा. पण तीच सात नावं पोस्टरवर फोटोंसकट गेली की विषयाला जागा उरत नाही. आधीच प्रभारी शिक्षकांशी बोलून ठरवा: पत्रिका ५०, त्यावर सगळी नावं, पोस्टरवर विषय, वक्ता, वार, वेळ, जागा, मंडळ. पत्रिका आधी दाखवली की पोस्टरबद्दल सहसा कोणी अडवत नाही. नावांचं शुद्धलेखन त्या-त्या व्यक्तीकडून लेखी तपासून घ्या.

---

पेठकर

आवकजावक यांना अनुमोदन. मी तारखेबद्दल आणि आवाराबाहेरच्या विद्यार्थ्यांबद्दल सांगतो.

शनिवार टाळा. सातारा, नगर, सोलापूर, नाशिककडची मुलं शुक्रवारी संध्याकाळीच गावी निघतात. सोमवारी अर्धी परतीच्या प्रवासात असतात. बुधवार-गुरुवार उत्तम.

पुण्याचं सांस्कृतिक कॅलेंडर समोर ठेवूनच तारीख पक्की करा. पालख्या शहरात मुक्कामी असतात ते दिवस सोडा. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या आगेमागे, साधारण ऑगस्टपासून, नाटकातली आणि पडद्यामागची सगळी मुलं तालमीत असतात. तुमच्या ध्वनिव्यवस्थेला हाताशी धरायची मुलंही तीच असतात. गणेशोत्सवात पेठांतले रस्ते संध्याकाळी बंद. डिसेंबरात सवाई गंधर्व, जानेवारीत चित्रपट महोत्सव, फेब्रुवारीत फिरोदिया करंडक ही कॉलेजांची स्पर्धा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि २८ ला राष्ट्रीय विज्ञान दिन: त्या दोन दिवशी जवळपास प्रत्येक कॉलेजात काही ना काही असतं, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आणि खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडेही गर्दी असते. विज्ञान मंडळाने आपलं व्याख्यान त्या आठवड्याबाहेर काढावं असं मला मनापासून वाटतं. श्रोते तेच, वक्तेही तेच.

परीक्षांची तारीख विद्यापीठाच्या वेळापत्रकातून बघाच, पण प्रात्यक्षिकं आणि सबमिशनचे दिवस कॉलेजागणिक वेगळे असतात. प्रत्येक शाखेच्या एका वर्गप्रतिनिधीला तारीख जाहीर करण्याआधी विचारा.

आता सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठ. इथल्या अभ्यासिका आणि खाजगी मेसमध्ये हजारो विद्यार्थी रोज येतात आणि मंडळं तिकडे फिरकतही नाहीत. मेसमध्ये भिंतीवर लावू नका. हात धुण्याच्या जागी आणि कूपन पंच करण्याच्या टेबलाशी ए४ लावा, मालकांना विचारून. तिथे माणूस अर्धा-एक मिनिट हलत नाही. हेच तत्त्व कॉलेजात: झेरॉक्सची रांग, पाण्याचा कूलर, लिफ्टसमोर, फी भरायची खिडकी, दुचाकी पार्किंगच्या बाहेर पडायच्या वाटेवरची अडलेली जागा. लांब व्हरांड्याच्या भिंतीवर लावलेलं पोस्टर चालत्या माणसाला दिसत नाही.

अभ्यासिकेतल्या मुलांना मात्र विषय परीक्षेशी कसा जोडलेला आहे ते सांगा. 'पुण्याचं पाणी' हा स्पर्धा परीक्षेच्या भूगोलातला, पर्यावरणातला विषय आहे. त्यांच्यासाठीच्या ए४ वर ही एक ओळ वेगळी छापा. खोटं वचन नको, जेवढं आहे तेवढंच.

आणि मुलींच्या वसतिगृहांची फाटकाची वेळ आधी विचारा. कार्यक्रम ७ ला संपणार असेल तर ७ लाच संपवा. लांबला तर पुढच्या कार्यक्रमाला त्या येणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

---

नोटीसबोर्ड

मुळाकाठ, विद्यापीठाच्या आवाराबद्दल तुमचं बरोबर आहे. विभागागणिक एक माणूस हा उपाय वर्गफेरीपेक्षा तिथे चांगला.

अवांतर, पण उपयोगी: पावसाळा नसेल तर रांगोळी. फाटकाच्या आत, दुचाकींच्या वाटेपासून बाजूला, चार फूट बाय चार फूट. फक्त विषय, वार, वेळ. अक्षरं पांढरी, भोवती एकच रंग. सकाळी पावणेसातला काढायला घेतली तर साडेसातच्या पहिल्या तासाआधी होते. भिंत खराब होत नाही, काढायला फक्त झाडू लागतो. सुरक्षा विभागाला सांगून करा.

---

तिसराबाक

धागा वाचला, खूप उपयोगी आहे. दोन प्रश्न.

१. पोस्टर मराठीत की इंग्रजीत? आमच्याकडे परदेशी आणि ईशान्येकडचे विद्यार्थी बरेच आहेत.

२. कार्यक्रम परवा आहे आणि नोंदणी नव्वदवर अडकली आहे. आता काय करता येईल?

---

शाईवाला

पहिल्याचं उत्तर: एकाच पोस्टरवर दोन्ही भाषा पूर्ण छापू नका. दोन्हींची अक्षरं लहान होतात आणि कोणीच वाचत नाही. चित्र आणि रंग तेच ठेवून दोन वेगळी पोस्टर करा, अर्धी-अर्धी, शेजारी शेजारी. व्याख्यान कुठल्या भाषेत आहे ते दोन्हींवर स्पष्ट लिहा. मराठी व्याख्यानाला इंग्रजी पोस्टर बघून आलेला माणूस दहाव्या मिनिटाला उठतो आणि त्याचा वेळ आपण वाया घालवलेला असतो.

---

जुई

दुसऱ्याचं. परवा म्हणजे अजून दीड दिवस आहे, पुष्कळ आहे. नवं पोस्टर करू नका, नवी रील करू नका.

आज रात्री नव्वद जणांना वैयक्तिक संदेश: 'तुमचं नाव नोंदलं आहे. सोबत कोणाला आणायचं असेल तर फॉर्म भरायची गरज नाही, घेऊन या.' पाठवताना प्रत्येकाचं नाव घाला. बारा कार्यकर्त्यांनी साडेसात-आठ नावं वाटून घेतली तर अर्ध्या तासाचं काम आहे. एकाच नंबरवरून नव्वद संदेश एका दमात पाठवू नका, खातं अडकू शकतं.

उद्या सकाळपासून फक्त जवळच्या इमारतीतले वर्ग. सभागृहापासून पाच मिनिटांवरचे. दूरच्या इमारतीतून ऐनवेळी कोणी येत नाही.

परवा दुपारी अडीचला सगळ्यांना शेवटचा संदेश. त्यात सभागृहाच्या दाराचा आज काढलेला फोटो आणि 'सव्वापाचपासून दार उघडं आहे' एवढंच.

---

आवकजावक

आणि मागच्या सात-आठ रांगांना दोरी बांधा. दारात दोन कार्यकर्ते उभे करून येणाऱ्यांना पुढून बसवत आणा, मधली खुर्ची न सोडता. पुढच्या रांगा भरल्या की एकेक दोरी सोडायची. दीडशे जण अडीचशे खुर्च्यांत विखुरले की सभागृह रिकामं वाटतं आणि वक्त्याचा सूर उतरतो. तेच दीडशे पुढे एकत्र बसले तर प्रश्नोत्तरं रंगतात.

उशिरा येणाऱ्यांसाठी मागच्या दाराजवळची एक रांग मोकळी ठेवा, म्हणजे ते समोरून चालत जाणार नाहीत. दाराशी हजेरीचा कागद एकच नको. चार तक्ते, चार पेनं. एका कागदापाशी रांग लागली की व्याख्यान दहा मिनिटं उशिरा सुरू होतं. तक्त्यात एक रकाना 'कुठून कळलं' असा ठेवा: वर्गात, मित्राकडून, पोस्टर, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम. फक्त खूण करायची. पुढच्या कार्यक्रमाला किती ए३ छापायचे ते त्यावरून ठरवा.

---

तिसराबाक

दोरी आणि चार तक्ते आजच आणतो. 'कुठून कळलं' या रकान्याची बेरीज झाली की आकडे इथेच टाकेन.